कनेक्टर साफ केला, तरी महिन्याभरात पुन्हा हिरवा पडतो

तक्रार साधारण एकाच तऱ्हेची असते. बाहेर लावलेला दिवा, कॅमेरा, पंप किंवा ट्रेलरचे लाइट मधूनच बंद पडतात. कनेक्टर उघडला की आत हिरवट-निळी पूड. घासून, वरून स्प्रे मारून परत जोडला की सगळं चालू होतं आणि चार-सहा आठवड्यांनी पुन्हा तेच. मग कनेक्टर स्वस्तातला होता म्हणून नवा आणला जातो, आणि तोही हिरवा पडतो.

घासल्याने डोळ्यांना दिसणारं हिरवं जातं. आत राहतात त्या तीन गोष्टी: खाचांत बसलेले क्षार, वायरीत मुरलेलं पाणी आणि ते पाणी जिथून आलं ती वाट. या तिन्हींचा बंदोबस्त होईपर्यंत सफाई ही फक्त मुदतवाढ असते.

घासायच्या आधी नीट बघा

ब्रश लावला की पुरावा गेला. म्हणून आधी उजेडात धरून फोटो काढा, आणि कुठली पिन जास्त खराब आहे ते बघा.

बारा व्होल्टच्या दिव्याचा दोन पिनांचा कनेक्टर घ्या. एक पिन जवळजवळ नवी, फार तर थोडी काळवंडलेली. शेजारची हिरव्या पुडीत बुडालेली, आणि पूड झटकली तर मुळाशी सुईसारखी बारीक झालेली. ही दुसरी पिन पॉझिटिव्ह असणार. दोन पिनांमध्ये ओल राहिली की डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) तिथे छोटासा इलेक्ट्रोप्लेटिंगचा हौद तयार होतो. पॉझिटिव्हवरचं तांबं विरघळून पाण्यात जातं, निगेटिव्ह तगून राहते. किती वेगाने? समजा, ओलीतून फक्त १ मिलिअँपिअर गळतोय आणि तो सगळा तांबं विरघळवण्यातच खर्च होतोय. तर दिवसाला सुमारे २८ मिलिग्रॅम तांबं जातं. २ मिमी जाडीची, १० मिमी लांबीची पिन साधारण पाव ग्रॅमच्या थोडी वर भरते, म्हणजे हिशेबाने दहा दिवसांत ती संपेल. प्रत्यक्षात ओल कमी-जास्त होते म्हणून जास्त दिवस लागतात, इतकंच.

यातून एक उपाय लगेच निघतो. दिवा बंद असतानाही कनेक्टरवर व्होल्टेज राहत असेल (स्विच निगेटिव्हच्या वायरीत असेल किंवा कनेक्टरच्या पुढे असेल तर राहतंच), तर पिन चोवीस तास झिजते. स्विच पॉझिटिव्हमध्ये आणि सप्लायच्या जवळ घ्या. झीज फक्त दिवा चालू असेल तेवढ्या वेळापुरती उरते.

दोन्ही पिना सारख्याच हिरव्या असतील तर करंटपेक्षा हवा, ओल आणि मीठ यांचा हात जास्त आहे. काळा थर म्हणजे तांब्याचा ऑक्साइड किंवा सल्फाइड. मात्र काळ्यासोबत प्लॅस्टिक तपकिरी, ठिसूळ किंवा फुगलेलं असेल तर ते जळणं आहे, गंज नव्हे, आणि असा कनेक्टर साफ करत बसू नये. अॅल्युमिनिअमवर पांढरी पूड येते. लेड-अॅसिड बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-निळसर येते, ती आम्लामुळे. गळलेल्या अल्कलाइन सेलचीही पांढरीच असते, पण तिथे अल्कली असते, म्हणून तिला खाण्याचा सोडा उपयोगाचा नाही. व्हिनेगरचे दोन थेंब लागतात.

मीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही

मीटरचा कंटिन्यूइटीचा (वायर जोडलेली आहे असं सांगणारा) बीप वाजला म्हणून कनेक्टर चांगला, असं समजू नका. साध्या मल्टिमीटरच्या प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२ ते ०.५ ओहम असतो. कनेक्टरमध्ये ०.२ ओहमची खराबी असली तरी ती त्यात लपते. आणि ५ अँपिअरच्या लोडवर (तेवढा करंट घेणाऱ्या उपकरणावर) हीच खराबी १ व्होल्ट खाते आणि ५ वॉट उष्णता एका पिनेवर ओतते. प्लॅस्टिक तपकिरी पडतं ते यामुळे.

खरी चाचणी लोड चालू ठेवून करायची. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक प्रोब कनेक्टरच्या अलीकडच्या वायरीवर, दुसरा त्याच वायरीच्या पलीकडच्या बाजूला. पॉझिटिव्हचं रीडिंग घ्या, मग निगेटिव्हचं. बारा व्होल्टच्या साध्या जोडणीत ०.०५ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ०.१ पर्यंत चालतं. ०.२ च्या पुढे गेलं तर उघडावाच लागेल. ही पद्धत कमी व्होल्टच्या डीसीसाठी. मेन्सच्या (घरातल्या विजेच्या) जिवंत जोडणीत प्रोब घालू नका.

मेन्सच्या कनेक्टरचा त्रास वेगळ्या वाटेनेही कळतो. पाऊस पडला की आरसीसीबी (लीकेज होताच वीज तोडणारा स्विच) ट्रिप होतो, ऊन पडलं की टिकतो. हा पिनांमधल्या ओल्या मळातून होणारा लीकेज. वायरीच्या दोन्ही टोकांची उपकरणं सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) बघा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर ती जोडणी परत चालू करायची नाही.

सफाई, क्रमाने

क्रमाला इथे महत्त्व आहे. बहुतेक जण पहिल्यांदा काँटॅक्ट क्लीनर मारतात, आणि तिथेच चुकतं. क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल चिकट मळ आणि तेल काढतं, मीठ काढत नाही. मीठ पाण्यातच विरघळतं. क्लोराइड आत राहिलं की थोड्याशा दमट हवेत तांब्यावर परत हिरवं चढतं.

आधी वीज बंद. मेन्स असेल तर एमसीबी खाली करून टेस्टरने खात्री. बॅटरी असेल तर निगेटिव्ह आधी सोडवा. सोलर पॅनेलचा कनेक्टर लोडवर कधीच ओढू नये, कारण डीसीचा आर्क आपणहून विझत नाही. आधी इन्व्हर्टर आणि आयसोलेटर बंद. त्यानंतरही उजेडात पॅनेल जिवंतच असतं हे ध्यानात ठेवा.

१. कोरड्या नायलॉन ब्रशने, जुना टूथब्रश चालेल, सुटी पूड झटका. तोंड खाली धरून झटका, म्हणजे ती सॉकेटच्या तळाशी जाणार नाही. फीमेल (पोकळ) पिनेच्या आत दातांच्या फटींत घालायचा बारीक ब्रश बरोबर बसतो.

२. डिस्टिल्ड वॉटरने धुवा. समुद्राजवळची किंवा रस्त्यावरची खारट ओल असेल तर दोनदा.

३. हिरवं अजून चिकटून असेल तर १०० मिली कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ ग्रॅम सायट्रिक अॅसिड. ब्रशने फक्त धातूला लावा, २ ते ५ मिनिटं थांबा, घासा. पाच टक्क्यांचं पांढरं व्हिनेगरही चालतं, वेळ जास्त लागतो. व्हिनेगरमध्ये मीठ टाकायची युक्ती भांड्यांसाठी ठीक आहे. कनेक्टरमध्ये त्याच मिठाचं क्लोराइड तुम्ही स्वतःच्या हाताने आत घालता. पितळेची पिन गुलाबी दिसायला लागली तर आम्ल जास्त वेळ राहिलं आणि जस्त बाहेर पडायला लागलं, असं समजा आणि लगेच धुवा. सोन्याचा मुलामा असलेल्या पिनांना आणि अॅल्युमिनिअमला ही पायरी लागू नाही.

४. २०० मिली पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा, मिनिटभर. आम्ल राहिलं असेल तर बुडबुडे येतील. थांबले की पुन्हा डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा. सोडाही आत राहता कामा नये, कारण सुकलेला सोडा ओल धरतो.

५. आता ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते खाचांतलं पाणी सोबत घेऊन बाहेर येतं. आसपास ठिणगी, शेगडी नको, आणि हवा खेळती हवी.

६. वाळवा. हेअर ड्रायर कमी तापमानावर, हातभर अंतरावरून, निदान अर्धा तास. बारीक सॉकेटमध्ये पाणी केशाकर्षणाने धरून राहतं. बाहेरून कोरडा दिसणारा कनेक्टर आत ओलाच असतो. घाई असेल तर काम उद्यावर ढकला, पण ओला जोडू नका.

खरवडायची वेळ आली तर फायबरग्लासचं पेन वापरा. गॉगल आणि हातमोजे घाला, काचेचं कूस बोटात गेलं की दोन दिवस टोचतं. स्टील वूल नको. त्याचे तुकडे आत तुटतात, स्वतः गंजतात आणि पिना शॉर्ट करतात. पॉलिश पेपर तर मुलामा असलेल्या पिनेला लावूच नये. कथिलाचा मुलामा काही मायक्रॉनचा असतो, सोन्याचा बऱ्याचदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. दोन हात मारले की खालचं पितळ उघडं पडतं, पिन चकचकीत दिसते आणि पुढच्या पावसात आधीपेक्षा लवकर हिरवी होते. ‘घासून कसा लख्ख केला’ असा कनेक्टर पुष्कळदा असाच संपलेला असतो.

साफ झाल्यावर एक-एक सुटी मेल पिन प्रत्येक फीमेलमध्ये घालून ओढून बघा. हाताला अडल्यासारखं लागलं पाहिजे. सैल निसटत असेल तर आतली स्प्रिंग तापून मेलेली आहे. पक्कडीने चेपून ती चार दिवस धरेल, ताण परत येणार नाही. ती पिन बदला. पिनांच्या मधल्या प्लॅस्टिकवर काळी नक्षी, म्हणजे कार्बनचा माग, उमटला असेल तर अख्खा कनेक्टर बदला. तो माग स्वतःच वीज वाहतो आणि पुसून जात नाही.

वायरीत मुरलेला रोग

नवा कनेक्टर लावूनही त्रास परत येतो, त्याचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हे. इन्सुलेशन दोन सेंटिमीटर सोला. तांब्याच्या तारा गुलाबीसर चमकत असतील तर ठीक. काळ्या किंवा हिरव्या दिसल्या तर पाणी तारांमधून वर चढलंय. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं.

काळ्या तारेला सोल्डर धरत नाही, गोळी होऊन घसरतं. क्रिम्प (वायरीवर दाबून बसवलेलं टर्मिनल) बसतं, पण ऑक्साइडवर बसतं, म्हणून आज चालतं आणि गरम होत राहतं. पाच-पाच सेंटिमीटर कापत जा आणि प्रत्येक वेळी सोलून बघा. तीस सेंटिमीटर कापूनही काळंच असेल तर वायर बदला. बदलताना कथिलाचा मुलामा असलेल्या तारांची वायर घ्या, बोटींसाठी जी वापरतात ती. थोडी महाग असते, पण बाहेरच्या कामाला ती साध्या वायरीपेक्षा फार जास्त टिकते.

टर्मिनल क्रिम्प करा, आणि त्या टर्मिनलच्या मापाचा रॅचेटवाला क्रिम्पर वापरा. पक्कडीने दाबलेलं क्रिम्प हे ढिल्या जोडणीचं दुसरं नाव. सोल्डर केलेली वायर सोल्डर संपतो तिथे ताठ होते आणि हलत्या जागी नेमकी तिथेच तुटते. स्क्रू टर्मिनलमध्ये तर सोल्डर लावलेलं टोक घालूच नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतो आणि स्क्रू ढिला पडतो. तिथे फेरूल (तारांवर दाबून बसवायची धातूची नळी) लावा. क्रिम्प झाल्यावर जोरात ओढून बघा. सुटायचं असेल तर आत्ताच सुटू दे.

तांबं आणि अॅल्युमिनिअम थेट एकमेकांना जोडू नका. ओल मिळाली की अॅल्युमिनिअम खाल्लं जातं. मध्ये बायमेटॅलिक (दोन धातूंचा) लग हवा.

ग्रीस: किती, कुठलं, कुठे नाही

डायइलेक्ट्रिक ग्रीस म्हणजे सिलिकॉन ग्रीस. ते वीज वाहत नाही, आणि इथेच गोंधळ होतो. मग ते पिनेवर लावायचं कसं? स्प्रिंगच्या दाबाने पिना एकमेकींना टेकतात तिथून ग्रीस बाजूला सरकतं आणि धातूला धातू लागतो. भोवतालच्या जागेत ग्रीस उरतं आणि हवा-पाणी अडवतं. त्यासाठी पातळ थर पुरतो. छोट्या पिनेला मोहरीएवढं, मोठ्या ट्रेलर प्लगच्या पिनेला तांदळाएवढं. सॉकेट ठासून भरलात तर हवा आत कोंडून कनेक्टर पुरता बसत नाही, लॉकचा आवाज येत नाही, आणि रबरी सील जागेवर न बसता पाणी आत येतं.

तांब्याची पूड घातलेलं ग्रीस अनेक पिनांच्या कनेक्टरला लावू नका, दोन पिनांमध्ये पूल होतो. रिले आणि स्विचच्या उघडझाप करणाऱ्या काँटॅक्टवर सिलिकॉन ग्रीस नको. ठिणगीत ते जळून कडक, वीज न वाहणारा थर बनतो. पेट्रोलियम जेली बॅटरीच्या टर्मिनलवर ठीक आहे, पण उन्हात वितळून ओघळते आणि ईपीडीएम रबराचे सील फुगवते. तसंच सिलिकॉन रबराचा सील असेल तर सिलिकॉन ग्रीसने तो फुगतो, तिथे अगदी बोट पुसल्याइतकंच. सोलरच्या कनेक्टरमध्ये बनवणाऱ्याने परवानगी न दिलेला कुठलाही स्प्रे किंवा ग्रीस नको. त्याच्या प्लॅस्टिकला काही रसायनांनी भेगा जातात. त्यात गंज दिसला तर साफ न करता जोडीच बदला, आणि दोन्ही अर्धे एकाच कंपनीचे घ्या. दिसायला सारखे असले तरी आतली मापं जुळतीलच असं नाही.

डब्ल्यूडी-४० पाणी हुसकावायला चांगलं. त्याचा बराचसा भाग उडून जातो आणि उरतो तो पातळ तेलाचा थर, धूळ धरणारा. त्याला संरक्षण म्हणता येणार नाही.

पाणी येतं कुठून

वॉटरप्रूफ लिहिलेल्या डबीत पाणी कसं येतं, हा प्रश्न नेहमी येतो. त्यावरची आयपी ६७ ही पाणी-धूळ अडवण्याची श्रेणी म्हणजे एक मीटर पाण्याखाली ३० मिनिटं, तेही जोडलेल्या आणि नीट लॉक झालेल्या अवस्थेत. आता उन्हाचा विचार करा. बंद डबी उन्हात ६० अंशांपर्यंत तापते, सरीने अचानक २५ अंशांवर येते. आतल्या हवेचा दाब जवळपास दहा टक्क्यांनी पडतो. वातावरणाच्या दाबाचा दहावा हिस्सा म्हणजे एक मीटर पाण्याचा दाब! म्हणजे प्रत्येक उन्हाळी सरीत त्या सीलची परीक्षा होते, नेमकी बाहेरून पाणी वाहत असताना. सीलला केसाएवढी फट असली तरी पाणी शोषलं जातं, आणि एकदा आत गेलं की तितक्या सहज बाहेर येत नाही.

म्हणून जंक्शन बॉक्स पूर्ण बंद करण्यापेक्षा त्याला सर्वांत खालच्या जागी ३ ते ५ मिमीचं भोक ठेवणं बरं, किंवा हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा व्हेंट लावा. वायरी खालून घ्या, वरून कधीच नाही. वायर कनेक्टरच्या खाली ओंजळभर झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकेल. ग्लँडमध्ये (वायर डबीत शिरते तिथल्या आवळायच्या बुचात) वायर गोल आणि मापाची हवी. एका ग्लँडमधून दोन बारीक वायरी ओढल्या की त्यांच्या मधल्या फटीतून पाणी सरळ आत.

कनेक्टर उघड्यावरच असेल तर चिकट अस्तराची ३:१ हीट श्रिंक स्लीव्ह घाला. तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाची कडा बाहेर दिसली पाहिजे, नाही दिसली तर सील झालेलं नाही. परत उघडायची जोडणी असेल तर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप. दुप्पट लांब होईल इतका ताणून, अर्धा-अर्धा चढवत, खालून वर गुंडाळा म्हणजे कौलांसारखं पाणी उतरतं. त्यावर पीव्हीसी टेपचा एक थर, उन्हापासून आडोसा म्हणून. नुसता पीव्हीसी टेप उन्हात सुटतो आणि त्याचा गोंद तेवढा उरतो.

सीलंटची नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर ती परत ठेवा. ते अॅसिटॉक्सी सिलिकॉन आहे. सुकताना अॅसिटिक आम्ल सोडतं आणि बंद डबीत तेच आम्ल तांब्यावर बसतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. पाणी अडवायला लावलेल्या सिलिकॉननेच आत हिरवं केलं, असे डबे कमी नाहीत.

पहिल्या पावसानंतर

जोडणी झाल्यावर लोडवरचं व्होल्टेज ड्रॉप (कनेक्टरच्या अलीकडे-पलीकडे मोजलेला तोच आकडा) परत मोजा आणि आकडा झाकणाच्या आत मार्करने तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तोच मोजताना आधीचा आकडा नसेल तर वाढ कळणार नाही.

कमी व्होल्टेजच्या बॉक्समध्ये पाणी येतंय की नाही याची खात्री करायला एक साधी युक्ती आहे. टिश्यू पेपरच्या लहान तुकड्यांवर पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा एकेक ठिपका द्या आणि ते तुकडे टर्मिनलपासून दूर चिकटवा: एक तळाशी, एक प्रत्येक ग्लँडच्या तोंडाशी, एक झाकणाच्या सीलजवळ. चांगला पाऊस होऊन गेला की उघडून बघा. ग्लँडजवळचा ठिपका पसरला असेल तर तो ग्लँड आवळा किंवा बदला. झाकणाजवळचा पसरला असेल तर सील बसलेला नाही. तळाचा एकटाच पसरलेला असेल आणि बाकीचे शाबूत, तर पाणी बहुधा वायरीच्या आतून येतंय. वायरीचं वरचं टोक शोधा.